पातेल्याच्या कडीखालची खूण

आदरणीय हमीदा मुलाणी बाईंची आणि माझी पहिली ओळख रागातून झाली. गौरवग्रंथात असे लिहिणे शोभत नाही हे मला कळते, पण खरे ते लिहावे. मी तेव्हा आठवीत होते. वर्ष निम्मे सरल्यावर आईबरोबर मामाच्या गावी राहायला आले होते, आणि मावळात कान्हे गावाच्या पलीकडच्या त्या शाळेत माझे नाव नुकतेच घातले होते. चित्रकलेच्या पहिल्याच तासाला बाईंनी माझ्या हातातले खोडरबर काढून घेतले आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकले. "माझ्या तासाला खोडायचं नाही. चुकलं तर शेजारी पुन्हा काढायचं," एवढेच म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. ते खोडरबर वासाचे होते. त्या काळात माझ्याकडे नवी अशी तेवढी एकच वस्तू होती. मी मनातल्या मनात बाईंना काय काय म्हटले ते इथे छापता येणार नाही.

आज मी कुसगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, आणि माझ्याही तासाला खोडरबराला बंदी आहे. मुले माझ्याबद्दल मनात काय म्हणत असतील याची मला चांगली कल्पना आहे.

बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या यावर माझा अजून विश्वास बसत नाही. इस्त्री केलेली सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी पुठ्ठ्याची गुंडाळी, आणि चालणे असे की बरोबरच्याला धाप लागावी. पंधरवड्यापूर्वी कान्ह्याला त्यांच्या घरी गेले होते. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी जिने चढू नका असे बजावले आहे. बाई गच्चीवर मुलांना रंग कालवून देत होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तू डॉक्टर नाहीस, वर ये."

चित्रकलेचा तास म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी राहिलेल्या धड्यासाठीचा तास, अशी आमच्याकडच्या शाळांची जुनी रीत आहे. बाईंनी ती कधी मानली नाही. एकदा गणिताचे सर वर्गाच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, पोर्शन राहिलाय, आजचा तास द्याल का?" बाई म्हणाल्या, "घ्या की. मग उद्या तुमच्या तासाला मी यांच्याकडून चित्र पूर्ण करून घेते." सर हसले आणि परत गेले. त्यानंतर कुणी तास मागितला नाही. त्या आवाज चढवत नसत, कुणाचा अपमान करत नसत, पण आपली जागा सोडतही नसत.

माया मात्र त्या दाखवून करत नसत. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला आम्हा मुलींना त्या लोकलने लोणावळ्याला घेऊन गेल्या होत्या. रोज्याचे दिवस होते. दोन पेपरांच्या मध्ये त्यांनी आम्हाला स्टेशनाबाहेर गरम वडापाव घेऊन दिले आणि स्वतः रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाटले बाई कुणाची वाट पाहत आहेत. आपल्यासमोर उपाशी माणूस उभे असताना पोरींच्या घशाखाली घास उतरणार नाही म्हणून त्या लांब गेल्या होत्या, हे मला स्वतः शिक्षिका झाल्यावर उमगले.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले, ती नववीतली. ती सांगायची तर आधी आमच्या घराबद्दल सांगायला हवे.

माझ्या वडिलांनी दुसरे लग्न केले तेव्हा आई मला घेऊन माहेरी आली. येताना तिने सासरहून तिच्या लग्नात आलेले एक मोठे जर्मनचे पातेले तेवढे आणले. दत्तूमामाने आम्हाला ठेवून घेतले, पोटाला कमी पडू दिले नाही, हे मी कधी विसरणार नाही. मामीही वाईट नव्हती. घर म्हटले की भांड्याला भांडे लागणारच, तेवढेच. आई लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, आलेला पगार मामाच्या हातात द्यायची, आणि संध्याकाळच्या लोकलने परत यायची. तरीही गावात आम्ही 'दत्तूची बहीण आणि तिची पोरगी' एवढ्याच होतो. आमचे म्हणून काही नव्हते.

या ग्रंथाचे सगळे वाचक मावळातले असतील असे नाही, म्हणून एक रीत सांगते. आमच्या गावात लग्नकार्य असो की सप्ताह, जेवणाला लागणारी मोठी भांडी घरोघरून गोळा होतात. कुणाचे पातेले कुणाचे हे कळावे म्हणून प्रत्येक घराची एक खूण असते. ती ऑइलपेंटने भांड्याच्या कडीखाली काढतात, कारण बुडाला रंग टिकत नाही, जळून जातो. कुणाचे तीन पिवळे पट्टे, कुणाचा बाण, कुणाचे त्रिशूळ. दत्तूमामाचे दोन लाल ठिपके. भाऊ वेगळे निघाले की धाकटा नवी खूण घालतो. आणि ज्याच्या घरी भांडे मागायला येतात ते गावाच्या हिशेबात घर.

आईच्या पातेल्यावर सासरची हिरवी फुली होती. माहेरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ती विटेच्या तुकड्याने खरवडून काढली. मामाचे लाल ठिपके मात्र घातले नाहीत. घातले असते तर पातेले मामाचे झाले असते. म्हणून ते बिनखुणेचे पातेले माळ्यावर पालथे पडून होते. बिनखुणेचे भांडे गावात कुणी नेत नाही. हरवले तर जबाबदार कोण?

नववीत बाईंनी स्नेहसंमेलनासाठी एक प्रकल्प दिला. फळ्यावर लिहिले, 'माझी खूण'. आणि सांगितले, "घरी जाऊन पातेल्यावरची खूण नीट बघा आणि कागदावर काढून आणा. तिथून सुरुवात करू." दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापले बाण, ठिपके, त्रिशुळे आणली. मी दोन ठिपके काढू शकले असते, कुणी विचारले नसते. पण काढवेना. मी आमच्या पातेल्यावर जे होते तेच काढले. नुसते ओरखडे.

वर्ग हसला. "हिच्या घरची खूण मांजरानं काढलीय," कुणीतरी म्हणाले. बाईंनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि काही न विचारता घडी घालून पिशवीत ठेवला. पुढच्या तासाला आल्या त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "परवा माझी चूक झाली. मी तुमच्या घराची खूण मागितली. घराची खूण आजोबांनी घातलेली असते, त्यात तुम्ही काय केलंत? मला तुमची हवीय. तुमची स्वतःची." वर्गासमोर चूक कबूल करणारे शिक्षक मी तोवर पाहिले नव्हते. माझ्याकडे त्यांनी चुकूनही पाहिले नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

मग त्यांनी अटी घातल्या. नाव नको, आडनाव नको, देव नको, झेंडा नको, सिनेमा नको. रोजच्या जगण्यातले काहीतरी हवे. आणि अर्थ कुणी कुणाला विचारायचा नाही, बाईंनीसुद्धा नाही. तेलाच्या डब्यांची पत्र्याची झाकणे त्यांनी कामशेतच्या बाजारातून जमवून आणली होती, त्यावर ऑइलपेंटने खूण काढायची. परीक्षा मात्र भलतीच होती. खिचडी शिजवायच्या शेडमध्ये बाई पदर खोचून चुलीपुढे बसल्या आणि एकेक झाकण धुरावर धरून काळे केले. मग आम्हाला राख आणि काथ्या देऊन म्हणाल्या, "घासा. घासून झाल्यावर लांबून ओळखू आली तर ती खूण. नाही आली तर दुसरी शोधा."

काय एकेक फजिती झाली म्हणून सांगू. ज्यांनी हौसेने पिसारा फुलवलेले मोर काढले होते त्यांचे मोर गेले. एकाने बॅटिंग करताना स्वतःलाच काढले होते, त्याची नुसती बॅट राहिली. तो हिरमुसला, तर बाई म्हणाल्या, "अरे, मग तेवढीच पुरे होती की." त्याने पुढे बॅटच ठेवली. मीही दोनदा नापास झाले. एकदा चाफ्याचे फूल, एकदा आगगाडीचा डबा. दोन्ही माझी नव्हती, आपली सुचली म्हणून काढली होती.

तिसऱ्यांदा मी एक तिरपा फटकारा मारला आणि त्याखाली दोन उभ्या रेघा, एक उंच, एक आखूड. पावसाळ्यात आई लोकलने यायची तेव्हा मी तिला आणायला कान्हे स्टेशनवर जायचे. आमच्याकडे छत्री एकच. वारा नेहमी एका बाजूने, म्हणून छत्री तिरपी. घरी पोचेपर्यंतचा तो रस्ता एवढाच काय तो दिवसभरात आमच्या दोघींचा असायचा. तिथे आई बोलायची, कधी रडायची, कधी कारखान्यातल्या बायकांच्या नकला करून मला हसवायची. झाकण काळे झाले, घासले, आणि छत्री जशीच्या तशी राहिली. बाईंनी ते हातभर लांब धरून पाहिले आणि म्हणाल्या, "झालं. ही राहील." अर्थ विचारला नाही.

झाकणे हॉलच्या भिंतीवर लागली आणि तिथून घोटाळा सुरू झाला. आमच्या वर्गातल्या मुलींनी घरी सांगितले, घरातून पाणवठ्यावर गेले, आणि दोन दिवसांत गावभर झाले की दत्तूच्या बहिणीने नवी खूण घातली, आता ती वेगळी निघणार. शाळेतला चित्रकलेचा प्रकल्प म्हणजे काय हे गावाला कसे कळावे? नवी खूण म्हणजे नवी चूल, एवढेच त्यांना ठाऊक.

दत्तूमामा शाळेत आला. हेडमास्तरांच्या खोलीत मलाही बोलावून घेतले होते. मामा चिडलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि ते जास्त वाईट होते. "बाई, पोरांकडनं चित्रं काढून घ्या, आमचं न्हाई म्हननं न्हाई," तो म्हणाला. "पर आमच्यात भाऊ वाटनी करत्यात तवा नवी खून घालत्यात. माझी बहीन काय वाटनी मागाया आली का? मानसं मला इचारत्यात, दत्तू, बहीन जड झाली व्हय?"

हेडमास्तर मिटवामिटवीच्या स्वभावाचे. म्हणाले, "बाई, एक झाकण उतरवू. विषय संपला." बाई म्हणाल्या, "तिनं काढ म्हटलं तर काढीन. मी आपणहून काढणार नाही." मग माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारले, "काढायचंय का तुला?" मी म्हटले, माहीत नाही. "माहीत नसेल तर आज राहू दे," त्या म्हणाल्या.

घरी मामी कुणाशी बोलत नव्हती. आईने मला बोल लावला नाही. चुलीपुढे बसून ती फक्त एवढेच म्हणाली, "इथनं उठायची वेळ आली तर कुठं जायचं गं आपण?" मला त्या क्षणी ते झाकण, तो रंग, बाई, सगळ्यांचा राग आला. कुठल्या तरी चित्रापायी आईच्या डोक्यावरची सावली जाणार होती.

रविवारी भर दुपारी बाई चालत आमच्या घरी आल्या. ओसरीवर बसल्या, मामीने दिलेला चहा घेतला, मामीच्या चहाचे कौतुकही केले. झाकणाचा विषय काढला नाही. मग मामाकडे न बघता आईकडे बघून म्हणाल्या, "सुमनताई, संमेलनाच्या जेवणाला मोठं पातेलं कमी पडतंय. तुमचं मिळेल का?"

गावात आल्यापासून आईकडे कुणी काही मागितले नव्हते. "माझं?" ती म्हणाली. "त्याला खूण नाही, बाई. हरवलं म्हणजे?"

"आमचं न्या की," मामा मध्येच म्हणाला. "केवढंबी न्या."

"तुमचं नेणारच आहे, भाऊ. ताईंचंही हवंय."

"बाई, ती येगळी न्हाई. ती माझ्याच घरातली हाय."

बाईंनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "भाऊ, आमच्या वडिलांकडे एक मोठं पातेलं होतं. गावात मटणाचं जेवण असलं की लोक हक्कानं घेऊन जायचे. गोडाच्या जेवणाला मात्र कधी कुणी न्यायला आलं नाही. आम्हाला कुणी हाकललं नाही, कुणी वाईट बोललं नाही. सगळे म्हणायचे, मुलाणी आपलेच. पण गावात लग्न असलं की माझी आई सकाळी उठून ते पातेलं घासायची आणि दारात पालथं घालून ठेवायची. संध्याकाळी स्वतःच उचलून आत न्यायची. तुम्ही बहिणीला घरात ठेवलंत, हे फार मोठं केलंत. मी तिच्याकडे नुसतं मागायला आलेय."

मामा खाली बघत बसला. आणि मग बोलली ती मामी. तीही दुसऱ्या गावाहून या घरात आलेली बाई, तिला बहुतेक आमच्या सगळ्यांच्या आधी कळले. "अवो, बसलाय काय नुसतं?" ती मामाला म्हणाली. "गोठ्याच्या खिडकीत रंगाचा डबा हाय, आना की. पोरगी घालंल खून. चूल काय कुटं जात न्हाई."

मामा उठला. डबा आणला, झाकण घट्ट बसले होते ते विळ्याने उघडून दिले, माळ्यावरचे पातेलेही त्यानेच खाली काढले. मी काडीला चिंधी गुंडाळून कडीखाली, खरवडलेल्या जागेशेजारी, तिरपा फटकारा मारला आणि दोन रेघा ओढल्या. आई शेजारी उकिडवी बसून बघत होती. "काय गं हे?" तिने विचारले. बाईंच्या अटीत आई बसत नाही असे मी ठरवले आणि सांगितले, "आपण. स्टेशनवरनं येताना." आई रंग वाळावा म्हणून फुंकर घालत राहिली, तो फुंकरीने वाळायचा नाही हे ठाऊक असूनही.

झाकण भिंतीवरच राहिले आणि पातेले संमेलनाच्या जेवणाला जाऊन आले. त्या वर्षी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याला, गावची पोरे भांडी गोळा करायला आली तेव्हा मामाची पातेली घेऊन झाल्यावर आईचेही मागून घेऊन गेली. जेवणे उरकली, भांडी घासून देवळापुढे पालथी मांडली. आमच्याकडे शेवटी एक जुने जाणते आबा एकेक भांडे उचलून त्यावरची खूण मोठ्याने सांगतात, आणि ज्या घरचे असेल त्याने उभे राहून 'आमचं' म्हणायचे. बाण. आमचं. दोन ठिपके. मामा उठला, आमचं. मग आबांनी आमचे उचलले, डोळ्यांजवळ नेले, पुन्हा लांब धरले. "ही कंची? छत्री हाय जनू. कुनाची छत्री?"

आई बायकांत सगळ्यांत मागे, मामीच्या पाठीआड बसली होती. नेहमी तिथेच बसायची. मी तिच्याकडे बघितले. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण तो माझा नव्हता. आई उभी राहिली. पदर सारखा केला आणि साऱ्या गावासमोर म्हणाली, "आमचं."

"न्या मंग," आबा म्हणाले आणि त्यांनी पुढचे भांडे उचलले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी वळूनही पाहिले नाही. तेच तर हवे होते. आई पातेले कमरेवर घेऊन घरापर्यंत माझ्यापुढे चालत आली. तिला इतके ताठ चालताना मी त्याआधी पाहिले नव्हते.

बाई, तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हता. मी तुम्हाला सांगायला हवे होते. सांगायला गेले की मी भलतेच काहीतरी बोलून परत यायचे. आज लिहून सांगते आहे. तुम्ही माझ्या हातून एक चित्र काढून घेतलेत, आणि माझी आई या गावात उभी राहिली.

या लेखाचा शेवट करायला मी काल आईजवळ बसले होते. तिला म्हटले, बाईंना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा कशा लिहू? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही, माझं उरलेलं आयुष्य बाईंना लागो." मी म्हटले, आई, पुस्तकात असे लिहीत नाहीत. दीर्घायुष्य, निरामय आरोग्य, असे लिहितात. तिने विचारले, "मग ते कुणाचं आयुष्य देतात?"

म्हणून तिने सांगितले तेच लिहिले आहे.